चौथ्या मजल्यावरची लाल टाचणी

शिलाई मशीन कुठल्याही कंपनीचं असो, कितीही जुनं असो, माझ्या टेबलावर आलं की मुकाट्याने चालायला लागतं. बढाई मारत नाही. नुसत्या आवाजावरून मी सांगतो की बिघाड बॉबिनमध्ये आहे, पट्ट्यात आहे, की चालवणाऱ्याच्या डोक्यात आहे! अशा माणसाला आपल्या दुकानाचा पत्ता फोनवर टाकायला कितीसा वेळ लागणार? म्हणूनच मी बायकोला ऐटीत म्हणालो होतो, "तुझ्या भावाला बोलवायची काही गरज नाही. हे काम माझं मी करतो!"

त्या वाक्यानंतर आमच्या घरात कुणाला धड झोप मिळालेली नाही. आता हे लिहितोय तेसुद्धा मांडीवर कुणाच्या तरी मशीनचं झाकण ठेवून आणि दारावर थाप पडू नये अशी आशा करत.

सुरुवात झाली ती नाटकाचे कपडे शिवणाऱ्या बाईंपासून. बाई माझ्या दुकानासमोरच्याच गल्लीत राहतात. त्यांचं मशीन वर्षानुवर्षं माझ्याच हातचं. एकदा बघतो तर बाई टॅक्सीतून मशीन उतरवतायत!

"काय बाई, कुठून आलात?"

"दुरुस्तीला नेलं होतं. शहराच्या पार त्या टोकाला! जाऊन येऊन कंबर मोडली बघा."

"अहो, मग मी काय मेलो होतो?"

"तसं नाही हो. फोनला विचारलं, मशीन दुरुस्ती कुठे आहे, तर तो म्हणाला, जवळपास कुणीच नाही."

"मी आहे ना! रोज तुम्हाला समोर दिसतो!"

"दिसता हो," बाई अवघडून म्हणाल्या, "पण मला वाटलं, तुम्ही आता काम करत नसाल."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी हाडामांसाचा माणूस, हातात पेचकस, शर्टावर तेलाचे डाग, आणि बाईंचा विश्वास फोनवर! जगातलं काहीही शोधून देणारी ती मोठी कंपनी तुम्हाला ठाऊकच आहे. तिचं नाव घ्यायची गरज नाही. तिला जे सापडतं ते आहे, जे सापडत नाही ते नाहीच. मी तिला सापडत नव्हतो, म्हणून मी नव्हतो. ठीक आहे, म्हटलं, आता असा सापडतो की बघत राहाल!

रविवारी दुपारी घरातल्या सोफ्यावर ऐसपैस बसून मी फोन हातात घेतला. दुकानाचं नाव टाकलं. वेळ टाकली, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. फोटो हवा म्हणाले, म्हणून घरातल्या आईच्या जुन्या मशीनशेजारी उभं राहून एक झकास फोटो काढला. मग फोनने अदबीने विचारलं, "तुम्ही सध्या आहात तीच जागा वापरायची का?"

आता मी सरळमार्गी माणूस. मी कुठे होतो? सोफ्यावर. खोटं कशाला बोला? मी "हो" दाबलं. नकाशात एक लाल टाचणी टचकन येऊन टोचली. केवढा आनंद झाला! ती टाचणी आमच्या बैठकीच्या खोलीत टोचली गेली आहे, हे लक्षात यायला सोमवार उजाडावा लागला.

इथे आमच्या घराबद्दल सांगायला हवं. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. आणि माझी बायको हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात रात्रपाळीची नर्स आहे. रात्रभर ती दुसऱ्यांच्या श्वासांवर लक्ष ठेवते आणि सकाळी घरी येऊन झोपते. तिची ही झोप म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात नाजूक वस्तू. पडदे ओढलेले, नळ हळू सोडायचा, मोजे घालून चालायचं. तिची झोप नऊ वाजता सुरू होते. आणि दुकानाची वेळ मी काय टाकली होती ते वर लिहिलंच आहे.

सोमवारी मी दुकानात माश्या मारत बसलो होतो. इतक्यात बायकोचा फोन.

"अहो, दारात एक माणूस उभा आहे."

"कोण आहे?"

"माहीत नाही. घामाघूम झालाय. हातात शिलाई मशीन आहे. नाडी बघू का त्याची?"

मी धावत घरी गेलो. दारात एक लठ्ठ गृहस्थ भिंतीला टेकून बसलेले. मशीन पायाशी. मी हात जोडून म्हटलं, "साहेब, दुकान इथे नाही. पुढच्या चौकात आहे. चला, दाखवतो."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझीच मान खाली गेली. "मी आता खाली उतरणार नाही," ते म्हणाले. "मशीन तर अजिबात नाही!"

काय करणार? मी जेवणाच्या टेबलावर मशीन उघडलं आणि दुरुस्त करून दिलं. गृहस्थ खूश होऊन गेले. जिन्यातच त्यांनी फोनवर पाच तारे देऊन टाकले आणि खाली लिहिलं, "घरगुती वातावरण. पाणी लगेच मिळतं. जागा नकाशात दाखवली आहे तिथेच आहे."

शेवटचं वाक्य मला तेव्हा फार गोड वाटलं होतं.

मग रांगच लागली! एवढी मशीनं ह्या शहरात आहेत हे मला ह्या धंद्यात आयुष्य घालवून कळलं नव्हतं. मी दुकानात बसायचो आणि गिऱ्हाईकं घरी जायची. बायको झोपेतून उठून मला फोन करायची. मी दुकानाला कुलूप लावून धावायचो, चार मजले चढायचो, धापा टाकत काम करून द्यायचो. मी बेलची तार काढली, तर लोक दारावर बुक्क्या मारायला लागले. मी खालच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत पाटी लावली, "दुकान इथे नाही, पुढच्या चौकात आहे." तर तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा! ते दिवसभर एकटे. त्यांना ही वर्दळ फार आवडली. कुणी पाटी वाचून थबकलं की आजोबा खिडकीतून हाका मारायचे, "अहो, या, या! वरच आहे! मधे माझ्याकडे बसा जरा!" त्यांनी जिन्यात खुर्चीसुद्धा टाकली. आजोबांच्या गालावर तजेला आला, आमच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

एका तरुण शिंप्याशी मी फाटकातच वाद घातला.

"दादा, दुकान चौकात आहे. मी स्वतः सांगतोय. मी मालक आहे!"

त्याने फोन माझ्या नाकासमोर धरला. "पण इथे तर वर दाखवतंय."

"फोटो बघा! त्यात कोण आहे? मीच ना?"

त्याने फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो पाहिला. "तुम्हीच आहात. पण मागचा पडदा घरातला वाटतो."

तो मला ओलांडून वर गेला. मीही निमूटपणे त्याच्या मागोमाग. काम मलाच करायचं होतं!

शेवटी हात टेकले आणि मेहुण्याला बोलावलं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो फोनकडे पाहून आधी पोटभर हसला.

"भावोजी, मला आधी विचारलं असतंत तर?"

"हसून झालं असेल तर टाचणी हलव."

"एका मिनिटात!"

त्याने टाचणी चौकात नेऊन ठेवली. कंपनीला कळवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "आपण सुचवलेला बदल आम्ही काळजीपूर्वक तपासला. तो स्वीकारता येत नाही. त्या जागी प्रत्यक्ष जाऊन आलेल्या बऱ्याच जणांनी सध्याची माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे. आपल्या मदतीबद्दल आभारी आहोत!"

म्हणजे बघा! मी प्रत्येकाला इमानाने काम करून दिलं, प्रत्येकाने इमानाने मला तारे दिले, आणि प्रत्येक ताऱ्यागणिक ती टाचणी आमच्या सोफ्यात आणखी खोल रुतली. मी कामचुकार असतो तर कधीच सुटलो असतो.

"कुणाशी तरी बोलू या," मी म्हटलं. "कंपनी आहे म्हणजे कुठेतरी माणूस असेलच ना! खुर्चीत बसलेला, चहा पिणारा एखादा!"

"माणूस नसतो भावोजी."

"मग आपले आभार कोण मानतं?"

मी मग त्या कंपनीलाच विचारलं की बाई गं, तुझ्याशी बोलायचं कसं? तिने खूप काही शोधून दिलं. सगळ्यात वर लिहिलं होतं, "तुमच्या अगदी जवळ: शिलाई मशीन दुरुस्ती, चौथा मजला."

मेहुण्याने हार मानली नाही. त्याने चौकातल्या खऱ्या जागेवर दुकानाची दुसरी, नवी नोंद केली. म्हणाला, "आता दोन्ही दिसतील. लोक जवळचं बघून जातील." कंपनी मात्र आमच्यापेक्षा हुशार! एकाच नावाची, एकाच मालकाची दोन दुकानं पाहून तिने आपल्या मनाने निकाल लावला की चौकातलं दुकान जुनं असणार, आणि ते सोडून मी घरी आलो असणार. चौकातल्या दुकानावर तिने लाल अक्षरांत लिहून टाकलं, "कायमचे बंद."

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडून बसलो होतो. जागेचा मालक आत आला, सगळीकडे बघितलं, आणि माझ्याजवळ उसासा टाकत म्हणाला, "वाईट वाटलं हो. बंद केलंत म्हणे."

"कुठे बंद केलं? बसलोय ना समोर!"

"बसा, बसा. आवराआवरीला वेळ लागतोच," तो माझ्या खांद्यावर थोपटत म्हणाला.

सुया आणि पट्टे पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचाही फोन आला. तब्येतीची चौकशी केली. आवाज इतका हळवा काढला होता की मलाच माझी काळजी वाटायला लागली.

ह्या सगळ्यात बायको मात्र कधीच ओरडली नाही, आणि मला भीती वाटली ती त्याचीच. आमचं लग्न झाल्यापासून ती माझ्यावर मोकळेपणाने ओरडत आली आहे. एके दुपारी मी घरी पोचलो तर दार उघडं होतं. आत एक बाई मशीन मांडीवर घेऊन बसलेल्या आणि बायको, केस मोकळे, डोळे अर्धे मिटलेले, त्यांच्यासमोर उभी.

"कधीपासून त्रास आहे?" ती विचारत होती.

"परवापासून," बाई म्हणाल्या. "मधेच अडकतं. आणि खालून तेल गळतं."

"खाणंपिणं व्यवस्थित?"

"अं?"

"घाबरू नका. डॉक्टर राउंडला आले की बघतील," असं म्हणून बायकोने मशीनच्या चाकावर हात ठेवला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि ठोके मोजायला लागली!

मी तिला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं. त्या बाईंनी नंतर पाच तारे दिले. "मॅडम फार आपुलकीने चौकशी करतात."

मला हसू येत होतं. मी हसत हसत आत गेलो, तर ही पलंगाच्या कडेला बसून रडत होती. आवाज न करता.

"अगं, काय झालं?"

"काल ड्यूटीवर माझा डोळा लागला," ती म्हणाली. "खुर्चीत. समोर पेशंट होता. मुख्य सिस्टरनी उठवलं. त्या रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, परत झालं तर तुला इथून काढून कागदपत्रांच्या विभागात बसवावं लागेल."

"पेशंटला काही—"

"काही नाही झालं. पण झालं असतं तर?" तिने डोळे पुसले. "अहो, मला हे काम येतं. हे एकच काम मला चांगलं येतं. माझ्या हातून ते जाऊ देऊ नका. मला भांडायचंसुद्धा नाहीये. मला फक्त झोपायचंय."

मी तिला म्हटलं, "उद्यापासून एकही माणूस वर येणार नाही." कसं, ते मला माहीत नव्हतं. पण म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलंच नाही. सकाळपासून खाली फाटकाशी उभा राहिलो. येईल त्याला तिथेच थांबवायचं, मशीन जिन्यात घेऊन बसायचं आणि तिथेच दुरुस्त करायचं, असा बेत. बेत चांगला होता. फक्त नऊ वाजून गेले तरी बायको घरी आली नाही. दहा वाजले, तरी नाही. फोन लावला, तर बंद! हॉस्पिटलात विचारलं, तर म्हणाले, ड्यूटी संपवून केव्हाच गेल्या. रात्रभर जागलेली बाई, डोळ्यांवर झापड, आणि रस्त्यावर एवढ्या गाड्या!

मेहुण्याला फोन केला. तो धावत आला. "ताई कुठे जाईल अशी?"

"ते मला माहीत असतं तर तुला बोलावलं असतं का?"

मेहुण्याने लगेच फोन काढला आणि खुशाल त्या शोधणाऱ्या कंपनीला विचारायला लागला! मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. "ठेव तो फोन!" मी ओरडलो. "तिला माझं दुकान सापडत नाही, माझी बायको काय सापडणार!"

आम्ही दोघं रस्ता पालथा घालत निघालो. औषधाचं दुकान बघितलं, बागेतले बाक बघितले, बसथांबा बघितला. आजोबांनी तिसऱ्या मजल्यावरून लक्ष ठेवायचं कबूल केलं. नाटकाचे कपडे शिवणाऱ्या बाई दारात भेटल्या. त्या म्हणाल्या, "वहिनी ना? सकाळी चौकाकडे जाताना दिसल्या. हातात उशी होती."

"उशी?"

"उशीच. मी म्हटलं, हॉस्पिटलात उशा घरून न्यायला लागल्या की काय!"

मी धावतच चौकात गेलो. माझ्या दुकानाचं शटर खाली ओढलेलं, पण कुलूप नव्हतं. उशी आणि दुकानाची दुसरी किल्ली ती रात्री ड्यूटीला निघतानाच घरातून घेऊन गेली असणार. शटर वीतभर वर केलं आणि वाकून आत बघितलं. आत अंधार, पंखा चालू. माझ्या लांबलचक कामाच्या टेबलावरची सगळी मशीनं खाली भिंतीशी ओळीने लावलेली, आणि टेबलावर माझी बायको. ड्यूटीचे कपडे तसेच, पायांतले बूट तेवढे काढलेले. तोंड उघडं टाकून घोरत होती! तिचं ते घोरणं ऐकून मला रडू आलं, हे मी मेहुण्याला कळू दिलं नाही.

"उठवायचं का?" मेहुणा कुजबुजला.

"हात तर लावून बघ!"

आम्ही शटर हळूच खाली केलं आणि पायरीवर बसून राहिलो. थोड्या वेळाने एक मुलगी मशीन घेऊन आली. दुकानाची पाटी वाचली. मग फोन बघितला. मग आम्हाला न विचारताच पुढे निघून गेली. तिच्यामागून आणखी एक गृहस्थ आले. त्यांनीही फोन बघितला आणि गेले. भर चौकात, रस्त्याला लागून, दोन्ही बाजूंनी गाड्या चाललेल्या, आणि तरी अख्ख्या शहरात ह्यापेक्षा शांत जागा नव्हती. इथे कुणीही दार वाजवणार नव्हतं. ती जागा कायमची बंद होती ना!

बायको संध्याकाळी उठली. शटर वर करून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी माणसात आल्यासारखा दिसत होता. मला पायरीवर बघून म्हणाली, "इथे काय करताय? घरी गिऱ्हाईकं खोळंबली असतील." आणि मग, देवाची कृपा, ओरडली, "आणि त्या टेबलावर किती ते तेल! माझा ड्रेस बघा!"

मी इतका खूश झालो की तेल मीच सांडलं असं लगेच कबूल केलं.

तेव्हापासून आमची घडी अशी बसली आहे. माझा सगळा पसारा घरी आला. बैठकीत मशीनं, स्वयंपाकघरात पट्टे, आणि आंघोळीला जाताना पायाखाली बॉबिन. दुकानात तिचा पलंग गेला, जाड पडदा लागला, पाण्याचा तांब्या गेला. सकाळी ती ड्यूटीवरून थेट "दुकानात" जाते आणि मी घरात "दुकान" उघडतो. तिचा डोळा ड्यूटीवर परत लागला नाही. उलट मुख्य सिस्टर तिला विचारतात, एवढी ताजीतवानी कशी राहतेस? ती नुसती हसते. जागा कुणाला सांगत नाही. सगळ्या नर्सा येऊन झोपतील, म्हणते.

आता उरलो मी. दिवसभर दारावर थापा. मशीन उचल, मशीन ठेव, पाणी दे, आजोबांच्या खुर्चीत अडकलेल्यांना वर घेऊन ये. दुपारी जरा पाठ टेकावी म्हटलं तर सोफ्यावर कुणीतरी आपला नंबर येण्याची वाट बघत बसलेलं असतं. बरोबर टाचणी टोचलेल्या जागी! मी इतका थकलो आहे की काल सुईत दोरा ओवताना माझाच डोळा लागला.

तेव्हा काल दुपारी मी एक निर्णय घेतला. गिऱ्हाईकांना "आलोच" म्हणून सांगितलं आणि पाय ओढत चौकात गेलो. टेबल मोठं आहे, म्हटलं, एका कडेला मीही मावेन. शटर हळूच वाजवलं.

मग परत वाजवलं.

"कोण आहे?" आतून झोपाळू, चिडका आवाज आला.

"अगं, मी आहे! जरा उघड ना. थोडा वेळ पडतो."

"बंद आहे!"

"अगं, मी! दुकानाचा मालक!"

"कायमचं बंद आहे! फोनवर बघून घ्या!" ती ओरडली. लगेच घोरण्याचा आवाज सुरू झाला.

आणि माझी दशा कुठवर आली आहे ते बघा. मी खरंच खिशातून फोन काढला, बघितलं, बंद असल्याची खात्री करून घेतली, आणि मुकाट्याने घरी परत गेलो.